लंडनचा साहेब आणि रत्नागिरीचा हुसेनचाचा

रशीदभाई,

तिकडे लंडनच्या एका वर्तमानपत्रात तुमच्यावर छोटासा मजकूर आलाय. रेवाने मला पाठवला. जन्म कुठला, पहिला कार्यक्रम कुठे झाला, कोणकोणत्या मालिकांत कामं केलीत, सगळं आहे त्यात. फोटो तरुणपणीचा आहे. डोक्यावर गोल काळी हॅट, हातात मिटलेली छत्री, आणि चेहऱ्यावर तो तुमचा साहेबी त्रासिकपणा. शेवटी एक वाक्य आहे की, अखेरची काही वर्षं त्यांचं वास्तव्य कुवेतमध्ये होतं. संपलं. खैतानमधलं तुमच्या बहिणीचं, जुलेखाआपांचं घर, राई भागातलं इब्राहिमभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान, आमचं मराठी मंडळ, मी, माझा नवरा प्रसाद, लेक रेवा, आम्ही सगळे त्या एका वाक्यात बसलोय. मजकूर चुकीचा नाही. पण तो वाचून झाल्यावर मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आपली ओळख रेवाच्या शाळेत झाली. तुम्ही तिथे नाटक शिकवायचात आणि ती नववीत होती. पालकांना भेटायचा दिवस होता. तुम्ही माझ्याशी जे इंग्रजी बोललात ते ऐकून मी आपोआप ताठ बसले, ऑफिसात साहेब आल्यावर बसतात तशी. तुमच्या नावावरून मला वाटलं होतं, हैदराबादचे किंवा कराचीचे असाल. रेवाला आवाज आहे पण तो ती घशात अडकवून ठेवते, असं काहीतरी तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात तुमचा फोन वाजला. तुम्ही माफी मागून तो घेतलात आणि म्हणालात, "जुले, मना आज उशीर व्हयल. तू जेवून घे."

मी बघतच राहिले.

"तुम्ही मराठी?"

"मराठी नाय. कोकणी," तुम्ही म्हणालात. "पर तुना समजला ना? मंग झाला."

त्या दिवसापासून तुम्ही मला 'बाय' म्हणायला लागलात. पुढच्याच शुक्रवारी जुलेखाआपांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण आणि नंतर सांदण. प्रसादने आयुष्यात पहिल्यांदा सांदण खाल्लं आणि तिसऱ्यांदा मागून घेतलं. तिथेच कळलं की तुमचे वडील रत्नागिरीकडून जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि इंग्लंडच्या एका बंदरात उतरून गोदीत कामाला लागले. तुम्ही दोघं भावंडं तिथेच जन्मलात. जुलेखाआपांचं लग्न इब्राहिमभाईंशी झालं, त्या इकडे आल्या. तुम्ही लंडनला गेलात. तुमच्या पत्नी जोनभाभी वारल्या, कामं कमी होत गेली, मूलबाळ नव्हतं. मग बहिणीने तुम्हाला इकडे ओढून आणलं.

तुमच्या लंडनच्या गोष्टी तुम्ही कधी सलग सांगितल्या नाहीत. कालवणात भाकरी बुडवता बुडवता एखादा तुकडा यायचा. तुमच्या तरुणपणी तिथे विनोदी कार्यक्रम म्हणजे सूट घातलेले म्हातारे, सासूवरचे विनोद, आणि काळ्या-सावळ्या लोकांच्या बोलण्याच्या नकला. तुम्ही आणि तुमच्यासारख्या काही पोरापोरींनी ठरवलं की हे आपण करायचं नाही. दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत, तळघरात, जिथे जागा मिळेल तिथे उभं राहायचं आणि स्वतःचं काहीतरी बोलायचं. लोक ओरडायचे, ग्लास फेकायचे. तुम्ही हे सांगताना इतके खूश असायचात की मला हेवा वाटायचा.

आणि तुमचा तो साहेब. मिस्टर पेंबरली. परदेशातून आलेल्यांचे अर्ज तपासणारा सरकारी कारकून. तुम्ही गोल हॅट घालून, अस्सल वरच्या वर्गातल्या इंग्रजीत, समोरच्या प्रेक्षकांनाच देशात प्रवेश द्यायचा की नाही ते ठरवायचात. चेहऱ्याला रंग नाही, काही नाही. तुमचा वर्ण हा विषयच काढायचा नाही. लोक आधी बिचकायचे, मग त्यांना कळायचं की रांगेत आपण उभे आहोत आणि टेबलामागे हा सावळा माणूस बसलाय. तेव्हा जे हसू यायचं ते तुम्ही आम्हाला जुलेखाआपांच्या दिवाणखान्यात करून दाखवलंत. प्रसादला विचारलंत, "आपल्या येण्याचं कारण काय?" आणि पासपोर्टवर साहेबाचा शिक्का मिळेपर्यंत ज्याने बरीच वर्षं विमानतळांवर घाम पुसला तो प्रसाद खरंच चाचरला.

त्या पेंबरलीमुळे तुम्हाला टीव्हीवाल्यांनी बोलावलं. एका बाईंनी तुमचं खूप कौतुक केलं आणि म्हणाल्या, आता तुमच्या स्वतःच्या उच्चारात बोला. तुम्ही म्हणालात, हाच माझा उच्चार. त्या हसल्या. त्यांना वाटलं, विनोद आहे. मग तुम्ही वडिलांसारखं कोकणी वळणाचं इंग्रजी बोलून दाखवलंत आणि काम मिळालं.

पुढची तीस वर्षं तुम्ही तेच बोललात. दुकानदार, टॅक्सीवाला, डॉक्टर, पुन्हा दुकानदार, मुलीचं लग्न जबरदस्तीने लावणारा बाप, नंतर नंतर अतिरेक्याचा काका. इथून आपला वाद सुरू झाला, आठवतं? मी म्हणाले, "रशीदभाई, जी गोष्ट करायची नाही म्हणून तुम्ही अंगावर ग्लास झेललेत, तीच तुम्ही केलीत." जुलेखाआपा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कारण त्यांना वाटलं आता तुम्ही चिडणार. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितलीत.

वडील तुमची प्रत्येक मालिका बघायचे. टीव्हीवर आपल्यासारखं बोलणारा माणूस आला की शेजाऱ्यांना हाका मारायचे. तुम्हाला कधीच कळलं नाही की त्यांना आनंद होतोय की ते आनंद दाखवतायत. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "रशीद, तुझा तो दुकानदार कधी घरी जातो का रे? त्याचा घर दाखवतच नाय." तुम्ही सांगितलंत की त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक भूमिकेला घर द्यायला लागलात. संवाद चारच असायचे, पण तो माणूस सकाळी काय खाऊन निघालाय, त्याचं कोणत्या मुलावर जास्त प्रेम आहे, त्याचे पाय कशाने दुखतात, हे सगळं तुम्ही ठरवून जायचात.

मग तुम्ही आम्हाला एक जुना प्रसंग लावून दाखवलात. नायक दुकानात येतो, सिगारेट घेतो, काहीतरी टाकून बोलतो, जातो. कॅमेरा क्षणभर तुमच्यावर राहतो. तुम्ही गल्ल्याखालचा डबा उचलता, कानाशी धरून हलवता आणि परत ठेवता. एवढंच. डबा रिकामा आहे, माणसाला भूक लागलीय, आणि दुकान बंद व्हायला अजून वेळ आहे. दिग्दर्शकाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. मी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. पण माझं म्हणणं बदललं नाही, आणि तसं मी तुम्हाला सांगितलंसुद्धा.

"बदलू नको," तुम्ही म्हणालात. "शुक्रवारी पुन्हा ये. भांडायला मानूस होवा."

मंडळाचं प्रकरण त्यानंतरच्या वर्षीचं. प्रसाद सांस्कृतिक सचिव होता आणि गणपतीला एक फार्स बसवायचा होता. आपल्याकडे इतका मोठा नट आहे म्हणून त्याने तुम्हाला दिग्दर्शनासाठी बोलावलं. आमच्या घरी वाचन झालं. नाटकात एक मल्याळी नर्स होती. तिचं काम एवढंच की चुकीचं मराठी बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला लोकांनी हसायचं. मंडळातली सायली ते काम फार जोरात करायची. सगळे हसत होते. तुम्ही चष्मा काढून हातात धरलात.

"ही बाई काय करते नाटकात?"

"नर्स आहे ती," प्रसाद म्हणाला.

"ता समजला. पर करते काय? हिला काय होवा?"

"रशीदभाई, गंमत आहे ती," तो माझ्याकडे हात करून म्हणाला. "मीनलच्या मल्याळी मैत्रिणी आहेत, त्याही हसतात अशा नकलांना."

"त्यांना विचारलंस, का हसताना नुसता बघितलंस?"

प्रसाद वैतागला. दिवसभर ऑफिस करून तो तालमी घेत होता, हॉल मिळवायला वणवण करत होता, आणि तुम्ही पहिल्याच वाचनाला त्याला सगळ्यांसमोर उलटे प्रश्न विचारत होतात. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही तरी आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

माझंच वाक्य होतं ते, पण मी ते तुमच्या ताटाला ताट लावून म्हणाले होते. तुम्ही चष्मा घातलात, सायलीला म्हणालात, "तुझा आवाज चांगला हाय," आणि निघून गेलात. प्रसाद रात्रभर कूस बदलत होता. सकाळी फोन करतो म्हणाला आणि केला नाही.

पुढच्या तालमीला तुम्ही स्वतःच आलात. म्हणालात, "दिग्दर्शन तू कर. मना नाटकाच्या आधी दहा मिनटा दे."

"कशासाठी?"

"ता मना पण म्हाईत नाय अजून."

कार्यक्रम जाब्रियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पुढच्या रांगांत आमचे बँकेतले, आयटीतले लोक, बायका पैठण्या नेसून. मागे इब्राहिमभाईंनी राईतल्या दुकानांतली आणि गॅरेजांतली आपली कोकणी मंडळी बायकापोरांसकट आणून बसवली होती. ती मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच येत होती आणि कोट सांभाळून बसावं तशी अवघडून बसली होती. विंगेत मी तुमच्याबरोबर होते. तुम्ही लुंगीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होतात. मी म्हणाले, "एवढी वर्षं स्टेजवर गेलीत तुमची." तुम्ही म्हणालात, "आईच्या बोलीत कदी नाय उभा ऱ्हायलो."

तुम्ही साधा शर्ट, लुंगी आणि डोक्यावर जाळीची टोपी घालून गेलात. तुम्ही हुसेनचाचा होतात. कुवेतमध्ये पस्तीस वर्षं ड्रायव्हर, आणि दर वर्षी म्हणतो, 'आता पुढल्या वर्सी कायमचा गावाला जानार.' तुम्ही तोंड उघडलंत, "मना तुमाना सांगाचा हाय," आणि पुढच्या रांगा हसल्या. तुम्ही "तुमाना" म्हणालात की हसायचे. "व्हयल" म्हणालात की हसायचे. एक गृहस्थ तर शेजाऱ्याला कोपर मारून तो शब्द परत म्हणून दाखवत होते. मागच्या रांगा गप्प होत्या.

तुम्ही थांबलात. हुसेनचाचाच्याच आवाजात, अगदी शांतपणे विचारलंत, "मी अजून गोष्ट सुरू नाय केली. तुमी कशाला हसताव?"

पुढे कुणीतरी खोकलं. तुम्ही वाट बघितलीत. रागाने नाही, उत्तर मिळेल अशा चेहऱ्याने. आणि मग सुरू केलंत.

हुसेनचाचाने गावाला घर बांधलंय. घर बायकोने बांधून घेतलं, हा इथून फोनवर. कोणत्या खोलीला कोणता रंग, कोणतं बटण दाबलं की कोणता दिवा लागतो, सगळं त्याला पाठ. बायकोला दिवा सापडला नाही की ती गावाहून कुवेतला फोन करते आणि हा बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याकडे, दूध घेता घेता सांगतो, डावीकडून तिसरं. मग सुट्टीत हा घरी जातो. रात्री उठतो. आणि त्याला संडास सापडत नाही. दिव्याचं बटण सापडत नाही. स्वतःच्या घरात अंधारात भिंत चाचपत उभा राहतो आणि शेवटी बायकोला फोन लावतो. बायको त्याच घरात झोपलेली. ती झोपेत फोन उचलते आणि म्हणते, "कुवेतात किती वाजले?"

मागून एका बाईंचा आवाज आला, "अगो बाय, आमच्याकडं पन असाच हाय!"

आणि तो सगळा मागचा भाग फुटला. हमीदाबाई होत्या त्या, गॅरेजवाल्या अन्वरभाईंच्या बायको. त्यांचा नवरा शेजारी खाली मान घालून हसत होता. तुम्ही त्यांच्याकडेच बघून पुढे बोलत गेलात, आणि हळूहळू हसू पुढच्या रांगांत उतरलं. या वेळी शब्दांना कुणी हसत नव्हतं. आमचा पुण्यात बाणेरला फ्लॅट आहे, रशीदभाई. मॉड्युलर किचन मी इथून व्हिडिओवर निवडलंय. त्यातल्या ओव्हनचं बटण कसं चालतं ते मला आजही माहीत नाही. मी प्रसादकडे बघितलं. तो पडद्याची दोरी हातात धरून उभा होता आणि त्याचे डोळे वाहत होते, हसून की कशाने ते मी त्याला विचारलं नाही.

तुम्ही आत आलात तेव्हा प्रसाद सायलीला सांगत होता, "नर्स साधी बोल. नेहमीसारखी." बिचारी म्हणाली, "मग करू काय?" खरंच तिला करायला काही नव्हतं. नाटक दणकून पडलं. घरी परतताना गाडीत प्रसाद म्हणाला, "सॉरी रशीदभाई." तुम्ही म्हणालात, "पडू दे रे. माझा पन लै वेळा पडलाय." आणि मग बराच वेळ तुम्ही त्याला तुमचे पडलेले कार्यक्रम सांगत होतात.

हुसेनचाचा नंतर तुम्ही पुष्कळ ठिकाणी केलात. राईत एका गोदामात, खैतानला गच्चीवर, एकदा मल्याळी मंडळींच्या कार्यक्रमात हिंदीतून. रेवाने तुमच्याकडून त्याचं इंग्रजीही करून घेतलं आणि शाळेत केलं. तिचा आवाज मोकळा झाला. आता ती लंडनला नाटक शिकते. हे मी तुमच्यासमोर कधी नीट बोलले नाही. तुम्ही लगेच विषय बदलला असतात म्हणून आता म्हणते. ते तुमच्यामुळे झालं.

पण तुमचा हुसेनचाचा जितका रंगत गेला तितका माझा मुद्दा पक्का होत गेला. तुम्ही आजारी पडलात, जाब्रियाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हाही मी संध्याकाळी येऊन तेच काढायचे, कारण तुम्हाला तब्येतीबद्दल बोलायला आवडत नव्हतं. शेवटच्या त्या संध्याकाळी मी म्हणाले, "हे तुम्ही तिकडेच का नाही केलंत? तीस वर्षं दुकानदार कशाला झालात?"

तुमचा आवाज बारीक झाला होता. "तुना दुकानदार आवडत नाय, कारन तुना तो कुनाचा तरी नोकर वाटतो. मना तो मानूस वाटला."

"माणूस तुम्ही केलात त्याला. त्यांनी नव्हता लिहिला."

"मंग? नटाचा काम काय?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली, वेळ संपली म्हणाली, आणि तुम्ही दमलेले दिसत होतात. मी म्हणाले, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तुम्हाला आत आयसीयूत हलवलं होतं आणि तुम्ही शुद्धीवर नव्हतात.

तर उत्तर हे. नटाचं काम तेच, कबूल. पण दुसऱ्यांनी अर्धी लिहिलेली माणसं पुरी करण्यात एका माणसाने तीस वर्षं घालवावीत, आणि त्याच्या स्वतःच्या माणसाला उभं राहायला कुवेतमधल्या एका शाळेचा हॉल आणि आमच्यासारखे आधी चुकीच्या जागी हसणारे लोक मिळावेत, याचा मला राग येतो. तुमचा नाही येत. ज्या बाईंना तुमचं बोलणं विनोद वाटलं त्यांचा येतो. आणि तुम्ही कधी रागावत नाही म्हणून तुमच्या वाटचा मला यायचा.

दफनाला प्रसाद गेला होता. शाळेतले गोरे मास्तर, गॅरेजवाले, मंडळाचे लोक, सगळे उन्हात उभे होते म्हणाला. मी जुलेखाआपांजवळ बसले होते. घर बायकांनी भरलं होतं, त्यामुळे आम्हाला काही बोलता आलं नाही. काल पुन्हा गेले. गर्दी ओसरली होती. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचा दोघांचा काय वाद चाललावता? तू गेलीस त्या संध्याकाळी तो मना बोलला, मीनलबायच्या तोंडावर उत्तर लिवलेला हाय. उद्या येऊ दे तिला, मी हरनार हाय. खूश होता, गो."

मी चहा हातात धरून बसले.

"काय होता उत्तर?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वर लिहिलंय तसंच, जरा अडखळत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ओढणी सारखी केली, विचार केला.

"नाय," त्या म्हणाल्या. "नसता हरला. म्हनला असता, पेशंट मानसाबरोबर भांडतंस, लाज नाय वाटत?"

अगदी तुमच्या आवाजात म्हणाल्या. आधी मी हसले, मग त्या हसल्या, आणि मग आम्हाला दोघींना ते आवरेना. इब्राहिमभाई आतल्या खोलीतून घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं, आम्ही रडतोय.